पालथ्या बशीवर पाणी

बशी हातात आली की माणसानं आधी बशीत काय आहे ते बघावं, हा साधा मनुष्यधर्म आहे. पोहे असतील तर खावेत, चहा असेल तर फुर्रकन ओढावा, काहीच नसेल तर यजमानीणबाईंकडे सूचक नजरेनं पाहावं. पण या जगात एक जमात अशी आहे, की बशी हातात आली की ती आधी पालथी घालते. बुडावरचा शिक्का वाचते. शिक्का ओळखीचा निघाला तर डोळे मिटून मान डोलावते, नाही निघाला तर बशी अशी बाजूला सरकवते, की जणू तिला कुळशील नाही म्हणून स्थळच नाकारलं!

आमचे थोरले साडू या जमातीतले. ते न्यू जर्सीत राहतात आणि शनिवार-रविवार लोकांच्या अंगणात मांडलेल्या जुन्या सामानात हिंडून निळी-पांढरी स्मरणबशी गोळा करतात. स्मरणबशी म्हणजे राज्यारोहण, ज्युबिली, लढाई, नाताळ असं काहीतरी लक्षात राहावं म्हणून काढलेली बशी. राणी गेली, लढाई संपली, पण बशी राहिली. पांढऱ्या मातीवर निळं चित्र. आमच्या घरी आले तरी साडूसाहेब स्टीलची ताटली पालथी करून बघतात. तिथे आमच्या सासऱ्यांचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे. तेवढी एक बशी अस्सल आहे, याबद्दल आम्हा दोघांचं एकमत आहे.

बाकी सगळ्या बाबतीत आमचं भांडण आहे आणि ते मी आज चव्हाट्यावर आणणार आहे. माझं म्हणणं असं, की शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. शिक्का बशीला खोटी ठरवू शकतो, खरी ठरवू शकत नाही. हे कुणा पुराणवस्तू-पंडिताचं मत नाही. बावीस वर्षं दिवसाला दोन-तीनशे शिक्के मारणाऱ्या एका बँक कारकुनाचं आहे. बी.कॉम.ला मला जे शिकवलं त्यातलं फारसं आठवत नाही, पण शिक्क्याची किंमत मला ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या रबरी शिक्केवाल्याकडे तो अर्ध्या तासात तयार होतो. शाईचं पॅड वेगळं घ्यावं लागतं, एवढाच काय तो अडथळा.

आमच्या काउंटरवर आणखी एक शहाणपण आहे. चेकवरची सही नमुना सहीशी अगदी तंतोतंत जुळली, की मुरलेला कारकून सावध होतो. खरा माणूस कधीच दोनदा तशीच सही करत नाही. कधी पेन अडतं, कधी शेपटी लांबते, कधी मागचा माणूस ढकलतो. तंतोतंत सही करतो तो गिरवणारा! बश्यांच्या बाजारात मात्र उलटा न्याय. तिथे सही जुळली की पैसे मोजून मोकळे.

आता मुद्द्याला येतो. मुद्दे मी व्हाऊचरसारखे क्रमानं लावले आहेत.

पहिला मुद्दा : बशीवरचं चित्र ज्या सालाचं, बशी त्या सालची नसते. हे इतकं उघड आहे, की सांगायला लाज वाटते. आमच्या गल्लीतल्या कॅलेंडरवर कृष्ण आहे म्हणून ते कॅलेंडर द्वापारयुगातलं, असं कोणी म्हणत नाही. पण साडूसाहेबांनी स्वतः पाहिलेली गोष्ट. त्यांच्याकडच्या एका बाजारात एक गृहस्थ निळी-पांढरी जेवणाची ताटं विकत होते. ताटावर फिलाडेल्फियाचा इंडिपेंडन्स हॉल. गृहस्थ छातीवर हात ठेवून सांगत होते, "सतराशे शहात्तरचा माल आहे."

त्या ताटांची हकीकत आम्हा बँकवाल्यांच्या फार जिव्हाळ्याची आहे. त्यांचं नाव लिबर्टी ब्लू. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला १९७६ साली दोनशे वर्षं पूर्ण झाली, त्या निमित्तानं ती इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये तयार झाली, आणि अमेरिकेत ती चक्क बँकांनी वाटली! ठेव ठेवा आणि बशी न्या. (आमच्या शाखेत मोठी ठेव ठेवणाऱ्याला एक कॅलेंडर मिळतं आणि तेही फेब्रुवारीत.) आता या ताटाच्या पाठीवर कारखान्यानं प्रामाणिकपणे छापून ठेवलंय, की हे भांडं डिटर्जंट-प्रूफ आहे. डिटर्जंट-प्रूफ! म्हणजे १७७६ साली जॉर्ज वॉशिंग्टन साहेब लढाईवरून आले आणि बाईसाहेबांनी सांगितलं, "अहो, ताट साबणाच्या पावडरीत बुडवा, रंग जात नाही."

शिवाय स्टॅफर्डशायरच्या मातीच्या भांड्यांवर झिलईच्या खाली निळी छपाई करण्याचं तंत्र जोसाया स्पोडनं बसवलं, तेच मुळी १७८४ च्या सुमाराला. तेव्हा १७७६ सालची तशी बशी शोधणं म्हणजे पेशव्यांचा फोन नंबर शोधण्यासारखं आहे. इथे शिक्क्यानं आपलं काम चोख केलं. त्यानं बशीला खोटी ठरवली नाही, विकणाऱ्याला ठरवलं. बशी बिचारी खरंच बोलत होती, कुणी वाचत नव्हतं.

दुसरा मुद्दा : शिक्क्यावरचं नाव वाचता येणं वेगळं आणि समजणं वेगळं. याच लिबर्टी ब्लूवर लोक "वेजवुड! वेजवुड!" म्हणून तुटून पडतात. पण ही ताटं काढली टन्स्टॉलच्या इनॉक वेजवुड कंपनीनं. १७५९ मध्ये धंदा सुरू करणाऱ्या प्रसिद्ध जोसाया वेजवुडचा कारखाना निराळा. पुढे १९८० साली मोठ्या वेजवुडनं धाकट्याला विकत घेतलं, हे खरं, पण ताटं त्याच्या आधीची. आमच्या शाखेत एकाच आडनावाचे सतरा खातेदार आहेत. आडनाव बघून पैसे दिले असते तर मी आज हा लेख घरी बसून नव्हे, तर सरकारी पाहुणचार घेत लिहिला असता.

आणि देशाचं नाव! १८९० साली अमेरिकेत मॅकिन्ली साहेबांचा जकात कायदा झाला. परदेशी मालावर मूळ देशाचं नाव हवं, असा त्यात दंडक आला आणि १८९१ पासून बशीच्या पाठीवर 'इंग्लंड' हा शब्द सर्रास दिसू लागला. 'मेड इन इंग्लंड' असं पुरं वाक्य बहुतेक विसाव्या शतकातलं. म्हणजे राणीच्या १८८७ च्या ज्युबिलीची म्हणून दाखवलेल्या बशीवर 'मेड इन इंग्लंड' असेल, तर भुवया वर जायला हव्यात. पण आमच्या जमातीच्या भुवया जात नाहीत, हात खिशात जातो. "बघा, इंग्लंडची आहे, लिहिलंय ना!" लिहिलंय, म्हणूनच तर प्रश्न आहे बाबांनो!

उलट ज्यांच्या पाठीवर काहीच नाही अशा कितीतरी जुन्या बश्या अस्सल आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टॅफर्डशायरच्या पुष्कळ कुंभारांनी शिक्का मारलाच नाही. माल पिंपात गवत भरून जहाजावर चढवायचा, की प्रत्येकीच्या पाठीवर नाव गिरवत बसायचं? आणि ज्यांनी मारला त्यांचा रुबाब बघा. कोब्रिजच्या क्ल्यूज बंधूंचा दाबून उठवलेला गोल शिक्का असे. मध्ये मुकुट आणि भोवती 'वॉरंटेड', म्हणजे हमी. या क्ल्यूज मंडळींनी एक गडद निळी बशी काढली होती. चित्र कसलं? तर जनरल लाफायेत १६ ऑगस्ट १८२४ रोजी न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनला उतरले त्याचं. हे लाफायेत म्हणजे १७८१ साली यॉर्कटाउनला इंग्रजांना शरण आणणाऱ्यांतले एक. त्यांची बशी इंग्रजांनीच छापली आणि अमेरिकेला विकली! ज्यानं आपल्याला मारलं त्याचा फोटो छापून विकायचा, हे इंग्रजांनाच जमतं. मुकुट वर, शत्रू समोर आणि हमी पाठीवर. आता अशा माणसांच्या शिक्क्यावर किती विश्वास ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा.

डेन्मार्कवाल्यांची गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती सभ्य माणसं आहेत. बिंग अँड ग्रोंडाल या कारखान्यानं १८९५ साली नाताळची पहिली निळी बशी काढली. गोठलेल्या खिडकीपलीकडे दिसणारं कोपनहेगन. दर नाताळला नवी बशी आणि नाताळ झाला की साचा मोडून टाकायचा. रॉयल कोपनहेगननं १९०८ पासून हीच प्रथा धरली. त्यांच्या शिक्क्यात तीन निळ्या लाटा असतात, डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्यांच्या. पुढे १९३५ पासून त्यांनी तर गंमतच केली. 'रॉयल कोपनहेगन' या नावातल्या एकेका इंग्रजी अक्षरावर बारीक रेघ द्यायची, ज्या अक्षरावर रेघ, ते साल. अक्षरं पंधरा, म्हणजे पंधरा वर्षांची सोय झाली. याला म्हणतात हिशेबी माणसं.

पण त्यांचा खरा मोठेपणा पुढे आहे. बशीत भट्टीतून काही उणं निघालं, तर ती फोडायची नाही. त्या तीन लाटांवर आडवा ओरखडा काढायचा. म्हणजे दुय्यम माल. आमच्याकडे रद्द चेकवर दोन तिरक्या रेघा मारतात, तसं. आता विकणारे काय करतात? शिक्का दाखवतात आणि ओरखड्यावर अंगठा ठेवतात. आणि आमची जमात शिक्का बघून अंगठ्यालाच नमस्कार करते.

तिसरा मुद्दा साडूसाहेबांनीच काढला. म्हणाले, "मग बघायचं तरी काय? तुम्ही बँकवाले फक्त नाही म्हणायला शिकलात."

बघायची ती बशी. निळी छपाई कशी व्हायची ते एकदा समजून घेतलं, की बशी आपण होऊन बोलते. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं. त्यात निळी शाई भरून पातळ कागदावर ठसा घ्यायचा. तो कागद एकदा भाजलेल्या कोऱ्या बशीवर दाबायचा, मग धुऊन काढायचा. शाई राहते, कागद जातो. वर झिलई द्यायची आणि पुन्हा भट्टीत. निळाच रंग का, तर कोबाल्ट हा त्या वेळी झिलईच्या भट्टीत भरवशानं टिकणारा रंग होता. बाकीच्यांचं धैर्य तिथे वितळायचं.

आता विचार करा, सपाट कागद गोल बशीवर बसवायचा. काठाची वेलबुट्टी पट्टीपट्टीनं लावायची. मग कुठेतरी सांधा येणारच. एक फूल अर्धं कापलेलं, एक पान दुसऱ्या पानावर चढलेलं. घरात भिंतीला कागद चिकटवलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तो सांधा म्हणजे कामगाराची सही. कुठल्या तरी बाईनं किंवा पोरीनं सकाळी घाईघाईत लावलेली पट्टी. साडूसाहेब त्याला दोष म्हणतात, मी त्याला हजेरीपट म्हणतो. काठाला एकही सांधा नाही, वेल अखंड फिरलाय, असं दिसलं तर समजा, यंत्रानं एका तुकड्यात छापलेलं चित्र वर चिकटवलंय.

मग भिंग घ्या. कोरीव ठशात रेघा आणि टिंबं असतात, लहानमोठी, हातानं मारलेली. आजच्या छपाईत ठिपके कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत असतात. बशीच्या पाठीवर काठाशी तीन बारीक खुणा शोधा. भट्टीत बश्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये टेकू ठेवत, त्यांचे ते व्रण. बुडाची कडा बघा. शंभर वर्षं फडताळात सरकवलेली बशी कडेला झिजते, पण सगळीकडे सारखी नाही. जिथे टेकली तिथे जास्त. पोलीस पेपर घासून म्हातारी केलेली बशी गोलाकार एकसारखी झिजते. सुरीचे ओरखडे खऱ्या बशीत दहा दिशांना जातात, कारण जेवणारी माणसं दहा प्रकारची असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेनं गेले असतील, तर ते जेवण नव्हे, रंगकाम आहे. आमचे कॅशियर नोट बोटांनी ओळखतात, तिच्यावरचं वचन वाचत बसत नाहीत. बशीलाही बोट लावावं.

हे सगळं मी गमतीनं लिहितोय, पण कारण गमतीचं नाही.

आमच्याच आळीत एक निवृत्त शिक्षक राहतात. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो. दीड-दोन वर्षांपूर्वी ते माझ्या काउंटरवर मुदत ठेव मोडायला आले. ठेव कसली, तर पेन्शनीतून साठवलेली. पत्नीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली. मी विचारलं, "गुरुजी, ऑपरेशन ठरलं का?" तर म्हणाले, "नाही रे, बश्या घ्यायच्यात."

एका हॉटेलच्या हॉलमध्ये कुणा विक्रेत्यानं प्रदर्शन मांडलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या १८९७ च्या ज्युबिलीच्या सहा निळ्या बश्या, प्रत्येकीला एक प्रमाणपत्र. एक बशी गुरुजींनी बारा हजारांना घेतली होती. उरलेल्या पाच घेतल्या की संच पुरा होणार होता. संच पुरा झाला की किंमत दुप्पट, असं त्या गृहस्थांचं गणित. हे गणित मला कॉमर्सला कुणी शिकवलं नाही.

"पण गुरुजी, राणीची बशी तुम्हाला कशाला?" मी विचारलं.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बावीस जून अठराशे सत्त्याण्णव. त्या रात्री ज्युबिलीचा समारंभ आटोपून रँड गणेशखिंडीतून परतत होता. पुण्यात प्लेग. चापेकरांनी त्याच रात्री गोळी झाडली. पस्तीस वर्षं मी ती तारीख फळ्यावर लिहिली. वाटलं, एकदा ते साल हातात धरावं."

ठेव मोडण्याचा फॉर्म माझ्या हातात होता. मी म्हटलं, "गुरुजी, उद्या बशी घेऊन या, मग सही करा." दुसऱ्या दिवशी ते प्रमाणपत्र घेऊन आले. बशी घरी ठेवली होती, फुटेल म्हणून! तिसऱ्या दिवशी बशी आली. पाठीवर मुकुट. खाली नुसतंच 'इंग्लंड'. सालाशी जुळणारं, नियमात बसणारं, एकही चूक नसलेलं. तंतोतंत सही! चेक तपासायचं भिंग काढून पाहिलं. राणीच्या गालावर ठिपके रांगेत उभे. काठाची वेल अखंड, सांधा कुठेही नाही. बोट फिरवलं तर चित्राची कड नखाला लागली, म्हणजे चित्र झिलईच्या वर. बुडाची कडा एकसारखी घासलेली. काउंटरवर रांग लागली होती, तरी सगळे पुढे वाकून बघत होते. गुरुजींनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि फॉर्म परत मागून घेतला. चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. रस्त्यावर कचरा टाकायचा नाही, हेही त्यांनी पस्तीस वर्षं शिकवलंय.

ठेव वाचली. बारा हजार गेले ते गेले. प्रदर्शन उठलं होतं, प्रमाणपत्रावरचा फोन लागत नव्हता. पण मला राग बारा हजारांचा नाही. (म्हणजे आहेच, बँकेतला माणूस आहे मी.) राग याचा, की त्या माणसानं गुरुजींना माती विकली नाही, आठवण विकली, आणि तीही खोटी. दूधवाल्यानं पाणी घातलं तर निदान दूध तरी त्यात असतं.

म्हणून ही प्रमाणपत्रं! जी वस्तू स्वतःबद्दल बोलू शकत नाही, तिला वकील लागतो. त्यावर 'मर्यादित आवृत्ती' असं सोनेरी अक्षरात असतं. मर्यादा कसली? कित्येकदा लिहिलेलं असतं, की अमुक इतके दिवस भट्टी चालेल तेवढ्याच बश्या. अहो, भट्टी किती मोठी, ते कोण सांगणार? आमचे साहेबही मर्यादित वेळच चिडतात, दहा ते पाच! डेन्मार्कवाला साचा मोडतो, त्याला मर्यादा म्हणतात. छापील कागदाला नव्हे.

साडूसाहेबांचं म्हणणं, असा संशय घेत बसलं तर छंदच संपेल. माझं म्हणणं उलटं आहे. छंद तिथूनच सुरू होतो. शिक्क्यांचं पुस्तक पाठ करून बशी ओळखणारा माणूस बशी जमवत नाही, शिक्के जमवतो. त्यानं आमच्या बँकेत यावं, फुकट मिळतील. ज्याला सांधा दिसला, टेकूची खूण सापडली, पट्टी वाकडी लावणारी ती दोनशे वर्षांपूर्वीची अनोळखी पोर जाणवली, त्याच्या हाती खरी स्मरणबशी लागली. मग तिच्यावर राणी असो, लाफायेत असो, नाहीतर नुसता कपचा उडालेला असो.

तेव्हा मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात जा, नाहीतर न्यू जर्सीच्या अंगणात. एक भिंग न्या, एक बोट न्या आणि दहा मिनिटं न्या. शिक्का अगदी शेवटी वाचा, आणि वाचताना तो काय कबूल करतोय ते बघा, काय मिरवतोय ते नको. विकणारा दहा मिनिटं बशी हातात देत नसेल आणि तेवढ्या वेळात तीनदा प्रमाणपत्र पुढे करत असेल, तर नम्रपणे नमस्कार करा आणि पैसे बँकेत ठेवा. व्याज कमी मिळेल, काउंटरवर रांग असेल, आणि पासबुकावर मी मारलेला शिक्का वाकडा उमटेल. पण वाकडा आहे, म्हणजे खरा आहे.